कामगारांना फायर एक्स्टिंग्विशर शिकवायचा तो कसा?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका प्रेस-शॉपच्या, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या कारखान्याच्या, एचआर मॅडमनी विचारलेला प्रश्न आहे. त्यांच्याकडे तिन्ही पाळ्या मिळून ९० माणसं, त्यातली निम्मी कंत्राटी. भिंतींवर आग विझवायचे २४ सिलिंडर. दर वर्षी रिफिलिंगवाला येतो, सिलिंडर घेऊन जातो, नवं स्टिकर लावून परत आणतो. ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, तोच गेटजवळ एक डेमो देतो. टाळ्या होतात, फोटो निघतात. पण गेल्या महिन्यात मशीनच्या मागे कॉटन वेस्ट, म्हणजे मशीन पुसायचे सुती बोळे, पेटलं, तेव्हा समोर चार जण होते, सिलिंडर दहा पावलांवर होता आणि चौघांपैकी एकानेही तो उचलला नाही. शेवटी कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं. मॅडम विचारतात, प्रशिक्षण तर दर वर्षी होतंय, मग असं का झालं? आणि आता नीट करायचं तर कसं?

मॅडम, पहिली विनंती ही की त्या चौघांना बोलू नका. मी २२ वर्षं सातपूर, अंबड, सिन्नर या पट्ट्यात सेफ्टीचं काम करतोय. सिलिंडर समोर असून न उचलणारी माणसं मी इतक्यांदा बघितली आहेत की त्यामागची कारणं आता पाठ झाली आहेत. पहिलं कारण, त्यांनी तो कधी हातात घेतलेलाच नसतो. डेमोत एक जण विझवतो आणि ८९ जण बघतात. पोहणं काठावरून बघून येत नाही, तसंच हे. दुसरं कारण कुणी तोंडाने सांगत नाही. सील तुटलं की साहेब विचारतील, रिफिलिंगचे पैसे पगारातून कापतील, ही भीती असते. कंत्राटी मुलाला तर ती जास्तच. तिसरं कारण, हा सिलिंडर या आगीवर चालतो की नाही याची खात्री नसते. मग माणूस ओळखीच्या गोष्टीकडे धावतो, म्हणजे पाण्याच्या बादलीकडे. कॉटन वेस्टवर पाणी चाललं, ते नशीब. तेच वेस्ट हायड्रॉलिक ऑइलच्या ट्रेशेजारी पेटलं असतं, तर त्या बादलीने तेल उसळून आग चौफेर पसरली असती.

म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात वर्गात करू नका, शॉप फ्लोअरवर करा. एक कागद घ्या, मेंटेनन्सचा एक जुना माणूस सोबत घ्या आणि प्रत्येक सिलिंडरसमोर उभं राहून एकच प्रश्न विचारा: इथे पेटलं तर काय पेटेल? प्रेसजवळ हायड्रॉलिक ऑइल. पॅकिंगला खोके आणि प्लास्टिक. पॅनल रूममध्ये केबल. स्टोअरला थिनर. कॅन्टीनला गॅस आणि तळणीची कढई. डीजी सेटला, म्हणजे जनरेटरला, डिझेल. आणि हल्ली शेडच्या कडेला चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक स्कूटर. हे लिहून झालं की समोरचा सिलिंडर बरोबर आहे का ते बघा. खोक्यांसमोर सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूचा सिलिंडर, आणि पॅनलसमोर पाण्याचा सिलिंडर अशी अदलाबदल मी दरवर्षी कुठे ना कुठे बघतो. रिफिल करून आणलेले सिलिंडर परत टांगताना जो हाताला लागेल तो टांगला जातो, म्हणून हे होतं. प्रत्येक हुकाशेजारी त्या जागेच्या सिलिंडरचा प्रकार ऑइलपेंटने लिहून ठेवला तर हा घोळ कायमचा संपतो.

कामगाराला आगीचे प्रकार शिकवायचे, पण ए, बी, सी, डी अशी अक्षरं पाठ करून घेऊन उपयोग नाही. लाकूड, कागद, कापड पेटलं तर राख होते. तेल, थिनर, डिझेल वाहतं आणि वाहत वाहत पेटतं. गॅस गळतो. धातूचा बारीक चुरा पेटला तर त्याच्यावर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू टाकायची. वीज असेल तर आधी मेन पाडायचा. एवढं माणसाच्या डोक्यात राहतं. तुमच्याकडे बहुतेक सिलिंडर एबीसी पावडरचे असतील. ते कागदावर, तेलावर आणि गॅसवर तिन्हीकडे चालतात, विजेच्या आगीवरही चालतात. पण पावडर पॅनलमध्ये किंवा सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, कंट्रोलरमध्ये गेली की ती ओलावा धरते आणि आतली इलेक्ट्रॉनिक कार्डं गंजतात. आग विझते, मशीन जातं. म्हणून पॅनलसमोर सीओटू. हे कारण कामगाराला सांगा. कारण माहीत असलं की तो दहा पावलं जास्त चालून बरोबर सिलिंडर आणतो.

आता प्रत्यक्ष सरावाकडे येतो, कारण सगळं खरं शिक्षण तिथेच होतं.

तुमचे २४ सिलिंडर रिफिलला जायची तारीख ठरलेली असते. त्या तारखेच्या आधी दोन आठवडे ते सगळे सरावासाठी वापरा. नाहीतरी रिफिलिंगवाला ते त्याच्या आवारात रिकामे करणारच असतो. तेच तुमच्या माणसांच्या हातून, तुमच्या आवारात रिकामे झाले तर जादा खर्च जवळपास शून्य. शिवाय याचा आणखी एक फायदा आहे, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कुठला सिलिंडर चालतो आणि कुठला नाही हे तुमच्या डोळ्यांसमोर कळतं. एका कारखान्यात आम्ही १४ सिलिंडर असे चालवले. तीन फुसकन आवाज करून थांबले. पावडरचा आत दगड झाला होता, आणि तिन्हींवर चालू वर्षाचं स्टिकर होतं. त्या दिवसानंतर त्या कंपनीने रिफिलिंग आपल्या माणसासमोर करून घ्यायला सुरुवात केली. मात्र सगळे एकाच दिवशी उतरवू नका. निम्मे आधी, ते भरून परत आले की उरलेले. शॉप फ्लोअर एक दिवसही उघडा राहता कामा नये.

बॅच १२ ते १५ जणांची ठेवा. आगीशिवायचा सराव आधी. सिलिंडर हुकावरून काढणं, दहा पावलं नेणं, खाली टेकवणं, सील तोडणं, पिन काढणं. बस, एवढंच. आता म्हणाल, यात शिकवण्यासारखं काय आहे? एकदा बघा. सहा किलो पावडरचा सिलिंडर भरलेला असताना नऊ-दहा किलो भरतो. साडेचार किलोचा सीओटू तर लोखंडी जाड भिंतीमुळे १५ किलोच्या आसपास जातो. पॅकिंगमधल्या एका ताईंनी मला सिन्नरच्या एका सरावात दाखवलं, की हूक इतका वर होता की सिलिंडर उचलायला त्यांना टाचा उंच कराव्या लागत होत्या, आणि हुकातून सुटला की सगळं वजन मनगटावर येत होतं. सिलिंडरचा तळ जमिनीपासून पाऊण मीटरच्या आसपास हवा. त्या कारखान्यात तो छातीच्या उंचीला होता. दुसऱ्याच दिवशी सगळे हूक खाली आले. हे कुठल्याही ऑडिटमध्ये निघालं नव्हतं.

आणि ती पिन. हे जरा सविस्तर सांगतो, कारण घाबरलेल्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पिन ओढायची असते तेव्हा हँडल दाबलेलं नसलं पाहिजे. पण घाबरलेला माणूस सिलिंडर उचलतो तोच हँडलच्या दोन्ही पट्ट्या मुठीत आवळून. पट्टी दाबली गेली की पिन भोकात अडकते, आणि मग जितकं जोर लावून ओढाल तितकी मूठ आणखी आवळली जाते आणि पिन आणखी घट्ट बसते. त्याच ताईंचं असंच झालं. डाव्या हाताने आवळून धरलंय, उजव्या हाताने पिन ओढतायत, चेहरा लाल झालाय, आणि बाजूचे ओरडतायत, "जोर लावा, जोर लावा!" मी त्यांना म्हटलं, ताई, सिलिंडर जमिनीवर ठेवा. डावा हात हँडलवरून काढा, सिलिंडरच्या मानेला धरा. आता पिन जरा फिरवा आणि ओढा. प्लास्टिकचं सील कट्कन तुटलं आणि पिन अलगद हातात आली. त्यांनी ती पिन तळहातावर ठेवून दोन क्षण बघितली. मग म्हणाल्या, "साहेब, परत एकदा." परत पिन घातली, परत काढली. पाच वेळा. पाचव्या वेळी त्यांचं लक्ष पिनेकडे नव्हतंच, समोर होतं. असं झालं की समजायचं, हात शिकला.

त्यानंतर आग. यासाठी अर्धा कापलेला ड्रम किंवा लोखंडी ट्रे घ्या. तळाला पाणी, वर थोडं डिझेल, पेटवायला लांब दांडीला बांधलेला बोळा. पेट्रोल कधीही नाही, थिनर कधीही नाही. डिझेल लवकर पेटत नाही म्हणून वरून पेट्रोल ओतणारे लोक मी बघितले आहेत. पेट्रोलची वाफ जमिनीवरून पायापर्यंत आलेली असते, आणि ती दिसत नाही. जागा मोकळी, वरून विजेच्या तारा नाहीत, डीजीची टाकी लांब, वारा पाठीमागून. नाशकात उन्हाळ्यात दुपारनंतर वारा उलटसुलट होतो, म्हणून सराव सकाळी घ्या. शेजारच्या कंपन्यांना आणि फायर स्टेशनला आधी कळवा, नाहीतर धूर बघून कुणीतरी १०१ ला फोन करेल आणि खऱ्या आगीची गाडी तुमच्या सरावाला येईल. दोन जण भरलेले जादा सिलिंडर घेऊन दोन्ही बाजूंना उभे. कपडे सुती. ओढणी, पदर, स्टोल सगळं खोचलेलं. नायलॉनचा टी-शर्ट घालून आलेल्याला त्या दिवशी आगीजवळ सोडायचं नाही, मग तो मॅनेजर का असेना.

आगीपासून किती अंतरावर उभं राहायचं, या बाबतीत एक चूक माझ्याच देखरेखीखाली झालेली आहे. एका तरुण ऑपरेटरला मी ट्रेपासून आठ-दहा फुटांवर उभं केलं आणि दुसऱ्या कुणाच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मान वळवली. तेवढ्यात तो उत्साहाने दोन फुटांवर गेला आणि वरून खाली थेट तेलात फवारा मारला. पावडरच्या झोताने पेटतं डिझेल ट्रेबाहेर उडालं आणि त्याच्या पँटच्या पायावर पडलं. बाजूच्या माणसाने लगेच ओलं पोतं टाकलं. पायाला काही झालं नाही, पण पँटला पडलेलं भोक मला अजून दिसतं. तेव्हापासून मी जमिनीवर चुन्याने रेघ मारतो, ट्रेपासून आठ फुटांवर. आग मागे सरकेपर्यंत ही रेघ ओलांडायची नाही. तिथून आगीच्या बुडाशी, ट्रेच्या कडेवर नेम धरायचा, हँडल दाबायचं आणि झोत या कडेपासून त्या कडेपर्यंत झाडू मारल्यासारखा फिरवायचा. आग मागे सरकली की मग आपण एक पाऊल पुढे. ज्वाळांच्या शेंड्यावर मारलेली पावडर हवेत जाते आणि आग तशीच राहते. सहा किलोचा सिलिंडर १५ ते २० सेकंदांत संपतो, हे प्रत्येकाने स्वतः अनुभवलं पाहिजे. भिंतीवर टांगलेला सिलिंडर बघून माणसाला वाटतं, हा पाच मिनिटं तरी चालेल. तो एवढ्या लवकर संपतो हे हातात कळलं, की तो लांबून फुकट मारायचा थांबतो.

सीओटूचं वेगळं शिकवा. त्याचा झोत आखूड, म्हणून चार-पाच फुटांवरून मारावा लागतो. आणि भोंग्याला, म्हणजे काळ्या हॉर्नला, हाताने धरायचं नाही. आतून निघणारा वायू उणे ७८ अंशांपर्यंत थंड होतो. सातपूरच्या एका कारखान्यात दुसऱ्या पाळीला पॅनल पेटलं, तेव्हा ऑपरेटरने हिमतीने सीओटू मारला, आग विझवली, आणि नंतर डावा तळहात उघडला तर तो पांढरा पडलेला. दोन दिवसांनी फोड आले. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हॉर्नच्या मागे धरायला मूठ असते. दुसरी गोष्ट, सीओटू हवेतला ऑक्सिजन बाजूला सारतो. बंद पॅनल रूममध्ये तो मारून आतच उभं राहिलात तर भोवळ येते. दार उघडं ठेवून दारातून मारायचं आणि बाहेर यायचं. तिसरी, सीओटूने आग विझते पण लोखंड गार होत नाही, म्हणून ती परत पेटू शकते. विझली म्हणून पाठ फिरवायची नाही. तोंड आगीकडे ठेवून मागे मागे सरकायचं. आणखी एक, सीओटूच्या सिलिंडरला प्रेशरचा काटा नसतो. तो भरलेला आहे की नाही हे वजनावरूनच कळतं. वायूच्या वजनात १० टक्क्यांहून जास्त घट झाली की तो भरायला पाठवायचा. पावडरवाल्याला काटा असतो, तो हिरव्या पट्ट्यात हवा.

कॅन्टीनच्या बाईंना आणि वॉचमनला हमखास वगळलं जातं. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तुमच्या सुट्टीच्या शनिवारी कारखान्यात फक्त वॉचमन असतो, आणि तळणीच्या कढईसमोर दिवसभर मावशीच उभी असते. मावशीला चार गोष्टी पुरतात: गॅस बंद कर, कढईवर झाकण सरकव, पाणी टाकू नकोस, कढई उचलून बाहेर पळू नकोस. तापलेल्या तेलाच्या तळाशी गेलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती हजार-दीड हजार पटींहून जास्त फुगते. पेटतं तेल छतापर्यंत उडतं ते त्यामुळे. गॅसच्या सिलिंडरची नळी पेटली असेल तर आधी व्हॉल्व्ह बंद करायचा. व्हॉल्व्ह बंद करता येत नसेल तर नुसती ज्वाळा विझवायची नाही, कारण गॅस गळतच राहतो, तो हवेपेक्षा जड असल्याने खाली साचतो, आणि मग जी ठिणगी पडते ती सगळी खोली घेऊन जाते. अशा वेळी सगळ्यांना बाहेर काढायचं आणि १०१.

इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटरीबद्दलही त्यांना एकच सांगा: लांब व्हा. लिथियमची बॅटरी विझल्यासारखी वाटते आणि आतून परत पेटते, धूरही विषारी असतो. ते काम फायर ब्रिगेडचं. चार्जिंगची जागा शेडपासून सुटी करा, ते तुमच्या हातात आहे.

आता ज्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो, त्या मुद्द्यावर येतो. सिलिंडर चालवता येणं हे निम्मं प्रशिक्षण. उरलेलं निम्मं म्हणजे तो कधी उचलायचा नाही आणि कधी टाकून निघायचं हे कळणं. बहुतेक डेमोंमध्ये याबद्दल एक शब्दही नसतो. उलट "आग दिसली की तुटून पडा" असाच सूर असतो. नाशिककरांना १ जानेवारी २०२३ ची इगतपुरीजवळच्या मुंढेगावच्या कारखान्याची आग आठवत असेल, त्या धुराचे लोट लांबून दिसत होते. तशा आगीसमोर हातातला सहा किलोचा सिलिंडर काहीच नाही. तो पहिल्या मिनिटाचं हत्यार आहे, आणि तेही आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेपर्यंत.

मी माझ्या बॅचला सिलिंडर उचलण्याआधी स्वतःला विचारायला पाच गोष्टी शिकवतो. ओरडून सगळ्यांना सांगितलं का, आणि फोन करायला कुणी गेलं का? माझ्या पाठीमागे दार आहे का, की आग माझ्या आणि दाराच्या मध्ये आहे? आग माझ्या कमरेच्या खाली आहे का? धूर डोक्याच्या वर आहे का? काय पेटलंय ते मला कळलंय का? यातल्या एकाचंही उत्तर नको ते आलं, तर सिलिंडर उचलायचा नाही, असेंब्ली पॉइंटकडे, म्हणजे बाहेर जमायच्या ठरलेल्या जागेकडे, चालू लागायचं. आणि सगळं ठीक असलं, सिलिंडर मारला, तो संपला आणि आग तरी शिल्लक आहे, तर दुसरा शोधत फिरायचं नाही. निघायचं, जाताना दार ओढून घ्यायचं. कुलूप नाही, फक्त ओढून घ्यायचं. वापरलेला सिलिंडर तिथेच जमिनीवर आडवा टाकायचा. उभा ठेवला तर मागून येणारा भरलेला समजून उचलतो, आणि त्याचे ते पाच सेकंद फुकट जातात.

हे शिकवायचं कसं? मी सरावात मधेच एखाद्याला न सांगता रिकामा सिलिंडर देतो. आगीसमोर नाही, तिथे कधीच नाही. शेडमध्ये, जिथे एका खुर्चीवर लाल कापड बांधून "ही आग" असं ठरवलेलं असतं. तो नेम धरतो, दाबतो, काहीच येत नाही. मग तो काय करतो ते सगळे बघतात. पहिल्या वेळी जवळजवळ प्रत्येक जण सिलिंडरला हलवत, आपटत, आत डोकावत तिथेच उभा राहतो. मी मोठ्याने आकडे मोजत असतो, आठ, नऊ, दहा. मग त्याला विचारतो, या दहा सेकंदांत आग कुठे पोचली असेल? दुसऱ्या वेळी तो सिलिंडर टाकून वळतो. हीच गोष्ट दहा स्लाइड दाखवून होत नाही. नंतर मी दार अडवून एक माणूस उभा करतो, आणि पाच प्रश्नांचा क्रम चुकवणाऱ्याला तो बाहेर जाऊ देत नाही. हसतखेळत होतं, पण क्रम पक्का बसतो.

यासाठी वरून एक गोष्ट लागते, ती तुमच्या एमडींनी स्वतः, सगळ्यांसमोर, मराठीत आणि हिंदीत सांगायला हवी. सिलिंडर वापरला म्हणून एक रुपयाही कापला जाणार नाही, चुकून वापरला तरी नाही. आणि आग बघून जो बाहेर पडला त्याला दुसऱ्या दिवशी कुणी भित्रा म्हणणार नाही, सुपरवायझरनेही नाही. ही दोन वाक्यं लिहून, सही करून, टाइम ऑफिसच्या बोर्डावर लावा. मॅडम, तुमचे ते चौघे जागच्या जागी थिजले, त्यातला निम्मा दोष या न बोललेल्या दोन वाक्यांचा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाळ्यांचं बघा. तिसऱ्या पाळीची माणसं प्रशिक्षणातून कायम सुटतात. रात्रभर काम केलेल्याला सकाळी आगीसमोर उभं करू नका, तो पेंगुळलेला असतो. पाळी बदलून तो पहिल्या पाळीला येतो त्या आठवड्यात त्याची बॅच लावा. लोडिंगची टोळी, वॉचमन, साफसफाईच्या बायका यांना दोन तासांचे पैसे देऊन बोलवा. कंत्राटी मुलांमध्ये कळवण, सुरगाण्याकडची आहेत, बिहारची आहेत. सूचना त्यांच्या बोलीत द्या. धुळ्याचा एक जुना फिटर सोबत घेतला तर तो अहिराणीत दोन मिनिटांत जे समजावतो, ते माझ्या प्रमाण मराठीत अर्ध्या तासातही जात नाही. नवीन माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी, मशीन दाखवण्याच्या आधी, त्याच्या जागेपासून दोन दारं आणि जवळचा सिलिंडर चालून दाखवायचा. कुठूनही १५ मीटर चालण्याच्या आत सिलिंडर मिळाला पाहिजे. त्याला पावलं मोजायला लावा. रात्री लाइट गेली तर तीच मोजलेली पावलं कामाला येतात.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत ठेवणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे, आणि दर जानेवारी व जुलैत परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, द्यावं लागतं. ते वेळेवर द्याच. पण त्या फॉर्मवर सिलिंडर ठीक आहे एवढंच येतं. तो कुणाला चालवता येतो हे तुमच्या रजिस्टरमध्ये हवं. प्रत्येकाचं नाव, तारीख, कुठला सिलिंडर स्वतः चालवला, आणि पाच प्रश्न तोंडी सांगता आले का. ग्रुप फोटोपेक्षा हे रजिस्टर दहा पटींनी कामाचं. महिन्यातून एकदा त्या त्या विभागातल्याच माणसाने आपल्या सिलिंडरसमोर दोन मिनिटं उभं राहायचं. काटा हिरव्यात आहे का, सील आहे का, नळीत कोळ्याचं जाळं नाही ना, समोर माल रचलेला नाही ना. हे शेवटचं तर रोज बघा. डिस्पॅचच्या घाईत सिलिंडरसमोर पॅलेट लागते, आणि ती हलवायला फोर्कलिफ्ट लागते. वर्षातून एकदा सगळ्यांचा आगीचा सराव आणि मधल्या सहा महिन्यांनी आगीशिवायचा, पिन आणि पावलांचा. एवढ्याने हात विसरत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत की बाहेरची एजन्सी बोलवावी का. पहिल्या वेळी बोलवा. त्यांना बोलावण्याआधी एकच प्रश्न विचारा: आमच्या ९० माणसांपैकी किती जणांच्या हातून सिलिंडर चालवून घेणार? "दोघा-तिघांना दाखवतो, बाकीचे बघतील" असं उत्तर आलं, तर दुसऱ्या एजन्सीला फोन लावा. त्यांच्यासोबत तुमची चार हुशार माणसं तयार करून घ्या, दर विभागातून एक, आणि त्यात किमान एक बाई असू द्या. पुढच्या वर्षीपासून तेच घेतील. आणि पहिल्या बॅचच्या यादीत त्या चौघांची नावं घाला, त्यांच्याखाली तुमचं स्वतःचं. तुमच्या हातून पिन अडकलेली त्यांनी बघितली, तर त्यांना आपली अडकलेली पिन सांगायला लाज वाटणार नाही.